लाल ठिपका

एकमेकांवर अवलंबून असलेले तीन प्रोग्राम मी एकाच वेळी चालवून तपासत होतो: दोन माझे, एक शेजारच्या टेबलावरच्या ताईंचा. त्यांचा सारखा अडकत होता. “माझे दोन्ही चालू दिसतायत ताई, गोम तुमच्याकडेच आहे,” असे मी सकाळी सर्वांसमोर पुराव्यानिशी सिद्ध केले. मुलीच्या शाळेतील कार्यक्रम सोडून त्या दुपारभर स्वतःचाच प्रोग्राम पुन्हा लिहीत बसल्या. चार वाजता स्क्रीन आवरताना माझ्याच एका ओळीशेजारी लाल ठिपका दिसला. प्रोग्राम तिथे थांबवून ठेवणारी खूण मीच लावून विसरलो होतो. माझ्या त्या थांबलेल्या प्रोग्रामच्या उत्तरासाठी ताईंचा प्रोग्राम खोळंबला होता. मी ती खूण हळूच काढली. “अरे, चाललं!” ताई ओरडल्या. “माझंच काहीतरी चुकत होतं बघ. तुझा दिवस फुकट घालवला, सॉरी हं.” “असू दे ताई, होतं असं,” म्हणत मी त्यांना क्षमा केली.