डावखुरा सरदार

पडद्यावर सरदारानं तलवार उपसली ती उजव्या हातानं. सूर्यभानला वाटलं, आपली नजर चुकली असेल, पुढच्या लढाईत बघू. पुढच्या लढाईतही उजवाच. डाव्या हातात काळ्या घोड्याचा लगाम तेवढा होता.

शेजारच्या खुर्चीवर त्याची मुलगी विशाखा पुढं सरकून बसली होती. ही पोर डाव्या हातानं लिहायची, डाव्या हातानं जेवायची आणि त्यापायी शाळेत त्याच हातावर छड्या खायची. सूर्यभानकडं त्यावर एकच औषध होतं, त्याच्या लहानपणचा हा सिनेमा. त्यातला सरदार डावखुरा आहे, डाव्या हातानं अख्खी फौज लोळवतो, हे त्यानं तिला इतक्यांदा सांगितलं होतं की तिनं ते भर वर्गात गुरुजींना ऐकवलं. गुरुजी हसले आणि त्यांच्या मागोमाग वर्ग हसला. बघून येते आणि सांगते, असं ती त्यांना बजावून आली होती.

पोखर्णीच्या जत्रेत तंबू टॉकीजवाल्यानं तोच जुना सिनेमा आणलाय हे कळलं, तसा सूर्यभान आईला आणि मुलीला घेऊन परभणीहून एस.टी.नं निघाला. देवाचं त्याला काही नव्हतं, ते घरातून छप्पन सालीच गेले होते. त्याचं गाव इथून जवळच, पण गावातही तो डोकावला नाही. कचेरीतला कारकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट, तिघांचीही खुर्चीची तिकिटं. पोरीला आपला सरदार दाखवायचा म्हणजे थाटातच दाखवायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

"बाबा, ह्यो तर उजव्या हातानं लढायलाय," विशाखा म्हणाली.

सूर्यभान पलीकडं आईकडं वाकला. लहानपणी हा सिनेमा बघितल्यावर पुढचं पूर्ण वर्ष तो तुराटीची तलवार डाव्या हातात धरून गल्लीत हिंडला होता, तो काय उगाच? त्यानं आईला विचारलं, सरदार डावखुरा होता ना?

चांगुणाबाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "आपुन मागून बघितला व्हता, लेकरा."

"मागून म्हंजे?"

"पडद्याच्या मागून. हिकडं आपल्याला कोन बसू देत व्हतं? मागून समदं उलटं दिसतंय."

सूर्यभानला पडद्याचं ओलं कापड आठवलं, खालची माती आठवली, आईच्या मांडीची ऊब आठवली. आपण मागं आहोत हे मात्र त्याला तेव्हा कळलंच नव्हतं. पडद्याला दुसरी बाजू असते आणि तिकडं माणसं खुर्च्यांवर बसतात, हे त्या पोराला कोण सांगणार? नंतर परभणीच्या थेटरात त्यानं ढिगानं सिनेमे बघितले, पण सरदाराचा हात त्याच्या मनात डावाच राहिला होता. त्याला राग आला. आईचा आला, तंबूवाल्याचा आला, आणि पडद्यावर ऐटीत उजवा हात फिरवणाऱ्या त्या माणसाचा तर फारच आला.

इतकी वर्षं का सांगितलं नाहीस, असं त्यानं आईला विचारलं. तुला लय आवडला होता, काय सांगायचं, एवढंच ती म्हणाली.

विशाखानं सगळं ऐकलं होतं. आपणही मागून बघू या, म्हणून ती हट्टाला पेटली. सूर्यभान नाही म्हणाला. तिथं बघण्यासारखं काही नाही, चांगली खुर्ची आहे, बस गुमान. ती बसली. मग तिनं डावा हात हळूच मांडीखाली घालून दाबून धरला. वर्गात गुरुजी आले की ती हेच करायची.

सूर्यभान उठला. त्यानं आईलाही चल म्हटलं.

"तुमी जावा," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी हिकडून पयल्यांदाच बघायले."

तंबूच्या कडेला गेटकीपरनं त्यांना अडवलं. तिकडं निम्म्या तिकिटाची माणसं बसतात, साहेब, खाली बसावं लागेल, कपडे खराब होतील. आता तिथं जातबित काही नसते, हेही त्यानं कोणी न विचारता सांगितलं. सूर्यभाननं मान हलवली आणि मुलीचा हात धरून तो पडद्यामागं गेला.

जातबित नव्हती म्हणे. पण पडद्याच्या उजेडात एकेक तोंड दिसू लागलं, तसं सूर्यभानला कळलं की ही सगळी त्याच्या गावच्या बौद्धवाड्यातलीच माणसं आहेत. तो कनातीला चिकटून उभा राहिला. कोणाच्या नजरेला नजर द्यावी असं त्याला वाटेना.

इतक्यात सरदारानं तलवार उपसली. डाव्या हातानं. एका वारात चौघे आडवे झाले आणि विशाखानं आपला डावा हात वर उचलला. ती सरळ जाऊन माणसांच्या मध्ये मातीत बसली. परवा नव्या फ्रॉकवर डाग पडला म्हणून रडलेली हीच पोर.

"बाबा, हितून बरोबर दिसायलंय," ती मागं वळून म्हणाली. "आपुन आता दरसाल हितंच बसू."

सूर्यभान उभाच होता. पोरीमागं तो दोन पावलं पुढं आला होता; मागच्यांना पडदा दिसेना, तशी दोघं-तिघं कुरकुरली. पुढं बसलेल्या एका माणसानं वळून त्याला नीट निरखलं. तो लिंबाजी होता, लहानपणी ह्याच सिनेमाला त्याच्या शेजारी बसलेला. लिंबाजीच्या तोंडभर हसू पसरलं. त्यानं सरकून घेतलं आणि आपल्या पंच्यानं शेजारची माती झटकली.

"बस की, सूर्यभान," तो म्हणाला. "तुझी जागा हाय तशी हाय."