गल्लीला एक शेगडी

"बसा आधी. हात बघा कसे गारठलेत," म्हातारी म्हणाली आणि तिने लोखंडी चुलीवरची किटली उचलली.

यास्ना नगरपालिकेची. सकाळपासून घरं तपासत हिंडत होती. ती बाकावर टेकली, येर्बाच्या पाल्याच्या गरम काढ्याचा तुंबा हातात घेऊन तिने नळीने कडू घोट ओढला. दूर दक्षिणेतल्या त्या थंड कोयाइके गावात त्या काळी तीच रीत होती. चुलीपाशी बसून जी तुंबा भरते तिचा पाहुणचार आधी घ्यायचा, कामाचं नंतर.

"साखर आहे का, आजी?"

"असेल की." म्हातारीने दोन फळ्या चाचपल्या आणि तिसरीवरून डबा काढला.

"लाकडं ओलीच जाळता?"

"सुकी परवडतात कुणाला? डोळे चोळायचे आणि फुंकायचं."

बाहेर सगळ्या गावावर धूर बसला होता. यास्ना उठली. मेणबत्ती लावून तिने आतल्या खोलीच्या भिंतीपाशी धरली. फटीतून येणाऱ्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली.

"इथे कोण झोपतं?"

"रायेन. शाळेत गेलीय. रात्री तिची छाती अशी वाजते की पार पलीकडे ऐकू येतं. गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवली. यंदा पुन्हा नेली तर काय होईल, देव जाणे." म्हातारीने उशीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"आणखी कोण घरात?"

"तिचा आजोबा. लाकडं आणायला गेलाय ते बरंय. तो असता तर तुम्हाला उंबऱ्यातूनच वाटेला लावलं असतं. गेल्या वर्षी तुमचा माणूस आला, तर म्हणे, आम्हाला थंडी वाजत नाही! नाक टोमॅटोसारखं लाल, आणि थंडी वाजत नाही! यंदा अर्ज पोरीच्या आईने केलाय, पुंता अरेनासला कामाला असते तिथून. त्याला पत्ताच नाही."

यास्नाला हसू आलं. "माझे बाबा अगदी असेच."

मग ती गंभीर झाली. "खरं सांगते, आजी. या गल्लीत आता एकाच घराला मदत उरलीय. नवी शेगडी, भिंतींना आतून जाड अस्तर, सगळं. अर्ज दोन आहेत. एक हा, दुसरा शेजारच्या एल्सीराबाईंचा. त्यांचं दार वाजवलं, पण कुणी उघडलं नाही. उद्या त्यांचंही घर बघून मग ठरवावं म्हणते."

"कशाला?" म्हातारी फटकन म्हणाली. "एकटी तर असते ती. दोन घोंगड्या अंगावर घेतल्या की भागतं तिचं. छाती म्हणाल तर घोड्याची. आणि जीभ अशी तिखट, की थंडीच तिला घाबरते."

"तुमचं पटत नाही वाटतं तिच्याशी?"

"माझं? कधीकधी तर मला तिचं तोंड बघवत नाही." म्हातारीने तुंबा पुन्हा भरला. "पण पोरगी इथे झोपते. ते लिहा."

यास्नाने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग लिहिलं.

"नव्या शेगडीला धूर नाही. ही चूल मात्र आम्ही घेऊन जाऊ. चालेल?"

"धूर नाही? म्हणजे मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

"मग न्या. आजच न्या."

"फक्त घरच्या कर्त्याची सही हवी."

"करेल तो. कसा करत नाही तेच बघते."

तेवढ्यात दार ढकलून म्हातारा रोसामेल आत आला. मोळी तशीच खांद्यावर ठेवून तो चुलीपाशी बसलेल्या बाईकडे बघत उभा राहिला.

"एल्सीराबाई? तुम्ही, माझ्या घरात?" त्याने मोळी खाली टाकली. "कुंपण घातल्यापासून आपण बोलत नाही ना?"

"नाहीच बोलत," ती म्हणाली. "सही करा."