खळ दिलेल्या कोंबड्या

रामाजी खानावळवाल्यानं कोंबडीच्या गळ्याची फुगलेली पिशवी सुरीनं फाडली आणि आंबट, पिवळा लगदा पाटावर पचकन सांडला. पुष्पलतेनं पदर नाकाला लावला. पदरालाही तोच वास होता. महिनाभर घरात सगळ्यालाच तो वास होता, चहालासुद्धा.

तिचा नवरा नत्थूजी मात्र त्या लगद्याकडे कौतुकानं बघत होता. स्टार्चच्या कारखान्याबाहेर टाकलेला मक्याचा ओला चोथा तो रोज टोपलीनं आणायचा आणि विणायच्या खोलीत ठेवलेल्या सरकारी फार्मातल्या पांढऱ्या कोंबड्यांना घालायचा. रामाजीनं आज कोंबड्या पसंत केल्या, की खोलीतला हातमाग उपटायचा आणि त्या जागी आणखी कोंबड्या ठेवायच्या, असं त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं. लग्न होऊन आल्यावर पुष्पलता त्याच मागावर विणायला शिकली होती; नवऱ्यापेक्षा सफाईदार. नवऱ्याचं फसावं म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदाच देवाला नारळ बोलला होता.

रामाजीनं सोललेली कोंबडी तंगडीला धरून उचलली. कातडी निळसर, आणि छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं.

"हे काय गा, नत्थूजी? हिच्यात मांस कुठं हाये?"

"पोटभर खाऊन राहिल्या न! सुताले खळ दिली का सूत वजनात भरते. तसंच हे."

"अरे, मक्यातलं सत्त्व सारं कारखान्यानं काढून घेतलं. तुह्या कोंबड्या टरफलं गिळून राहिल्या. चोथ्यासंगं शेंगदाण्याची ढेप पाह्यजे, सुकट पाह्यजे. पोट भरलं म्हंजे अंग भरते काय? इथली राजधानी मुंबईले गेली, कचेऱ्यांतलं गिऱ्हाईक गेलं, तशी माही खानावळ अर्धी झाली. ही काड्यांची मोळी वाढली, तर उरलेलेही पळतीन."

लगद्यात काहीतरी वळवळलं. रामाजीनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पाणीही न पिता गेला.

पुष्पलतेला बरं वाटायला हवं होतं. पण नत्थूजी उकिडवा बसून तो लगदा बोटांनी परत टोपलीत भरत होता. बाकीच्या कोंबड्यांसाठी.

"टाका ते."

"टाकू काहून वं? उद्यापासून ह्यात सुकट घालतो. भरतीन अंगानं." त्यानं हात धोतराला पुसले. "ढेपीचं पोतं, सुकटीचं पोतं... जागा लागन. माग आजच काढतो."

ती विणायच्या खोलीत गेली. विणताना पाय सोडायचा मागाचा खड्डा कोंबड्यांच्या विष्ठेनं घोट्याच्या वरपर्यंत भरला होता. हिरवट, वर माश्या. तिनं लुगडंही आवरलं नाही. काठावर बसली आणि दोन्ही पाय त्यात हळूहळू सोडले, तळव्यांना मागाच्या, पायानं दाबायच्या पावड्या लागेपर्यंत.

नत्थूजी माग उपटायला लोखंडी सब्बल घेऊन दारात आला आणि थांबला.

"काढा आता," ती म्हणाली.