एकदम सेफ

शांतारामने तिसरं पोतं गुलाबांच्या वाफ्यात पालथं केलं. भसाभसा कागदाच्या पट्ट्या बाहेर पडल्या. शेवयांसारख्या लांब, बारीक. काहींवर निळी शाई, काहींवर टाइप केलेली अर्धीमुर्धी अक्षरं.

त्याची बायको अलकनंदा पायरीवर मेथी निवडत बसली होती. तिने नाक मुरडलं.

"मुळांवर हे असलं पसरायचं, त्याला काय म्हणतात तुमच्या पेपरात?"

"मल्च."

"मल-च आहे तो. दुसरं काय!"

शांताराम खूश होऊन हसला. सत्त्याण्णव साल होतं. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत वरच्या भाटियाने मारुती घेतली होती, समोरच्या सक्सेनाने केबल. घेऊ देत. विलायती पद्धतीचा बगीचा अख्ख्या सोसायटीत एकट्या शांतारामचा होता. आठ गुलाब, एक तुळस आणि कोपऱ्यात अलकनंदाची कोथिंबीर.

"अगं, ऑफिसात वीडिंग झालं. दहा वर्षं न हललेल्या फायली काढून टाकायच्या. नवं मशीन आलंय, यार, काय मशीन आहे! इकडून फाईल घाला, तिकडून शेवया."

"आणि ती शाई? विष असतं म्हणतात शाईत. अहो, सेफ आहे ना हे? माझी कोथिंबीर आहे तिथे."

"एकदम सेफ. फार तर कोथिंबीर खाऊन तुला शेरे मारावेसे वाटतील. ते तर तू न खाताही मारतेस."

"मग हे चकचकीत काय आहे? प्लास्टिक?"

शांतारामने वाकून एक पट्टी उचलली. तिच्यावर एक कान होता आणि फौजी टोपीची कड.

"असेल कुणाचा तरी फोटो," म्हणत त्याने ती पायाशी टाकली.

तेवढ्यात फाटक वाजलं. विटकी नऊवारी, हातात कापडी पिशवी. हौसाबाई. त्या कँटोन्मेंटमध्ये नातवाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि दर वर्षी दिवाळी झाली की ऑफिसात शांतारामच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहायच्या. शांताराम त्यांच्यासाठी चहा मागवायचा, एखादा जोक सांगायचा आणि 'फाईल चालू आहे, आजी,' म्हणून वाटेला लावायचा. फाईल तेवढी उघडायचा नाही.

"अरे, आजी! इथे कशा काय?"

"शिपायानं पत्ता दिला. आईतवारी घरी गावतील म्हनला." त्यांनी पिशवीतून शेंगांचं पुडकं काढून पायरीवर ठेवलं. "म्या गावाला चालले, सायेब. कायमची. आता माज्या मल्हारीची चौकशी नगं न काय नगं. सव्वीस वर्सं झाली लढाईला. लेक यायचा असता तर आला असता. तेवढा अर्जावरचा फोटू काढून द्या मला. घरात दुसरा न्हाई. म्या देत नव्हते, तर तुमीच म्हनला, फाईलीत येकदम सेफ ऱ्हाईल."

मेथीवरचा अलकनंदाचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं.

शांतारामची चप्पल अर्धी वीत सरकली आणि चकचकीत पट्टीवर बसली.

"हो हो, बिल्कुल," तो म्हणाला. "आज ऑफिस बंद असतं ना, आजी. उद्या गेलो की बघतो. पोस्टाने पाठवून देतो, रजिस्टर करून."

"द्या. लई उपकार हुतील."

आल्या तशा त्या जाणार होत्या. फाटकाकडे वळल्याही. पण त्यांची नजर वाफ्याकडे गेली आणि सबंध चेहरा खुलला.

"पाचट घातलंय व्हय?" गुडघ्यावर हात टेकवत त्या वाफ्याजवळ बसल्या. "आमी उसाला घालतो. ब्येस असतंय. मुळाला ऊन लागत न्हाई. कशाचं हाय ह्ये?"

शांताराम रिकाम्या पोत्याची घडी घालू लागला.

"कागदाचं," अलकनंदा म्हणाली.

"कागुद बी चालतो? बरं हाय की."

ढीग एकाच जागी पडला होता. हौसाबाईंनी सवयीने तो हाताने सारखा करायला घेतला. इकडची मूठ तिकडे, तिकडची इकडे. मग हात थांबला. त्यांच्या बोटांत एक पट्टी होती. तिचं टोक पिवळं होतं आणि पिवळ्यावर लाल. त्यांनी ती उन्हात धरली, अंगठ्याने चोळली, अंगठ्याकडे बघितलं. मग ढिगात हात घालून दुसरी काढली. तीही तशीच.

"अर्जाच्या चारी कोपऱ्याला लावलं व्हतं म्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी हसला व्हता, सायेब. लग्नपत्रिका हाय का काय, म्हनला."

वरच्या गॅलरीत भाटिया मोठ्याने कुणाला तरी फोनवर गाडीचं ॲव्हरेज सांगत होता.

हौसाबाईंनी दोन्ही पट्ट्या पदरात घेतल्या. नंतर गुलाबाच्या मुळापासून एकेक पट्टी उचलून, उलटसुलट करून बाजूला ठेवू लागल्या. घाई नाही, काही नाही. तांदूळ निवडावेत तशा. अलकनंदा मेथी तशीच टाकून उठली आणि त्यांच्या शेजारी मातीत बसली. तीही शोधू लागली.

"आजी, हात नका लावू," शांताराम म्हणाला. "शाई असते त्याच्यात. विष असतं."

"हळद हाय, सायेब. हळद बाधत न्हाई."

एकेक पट्टी बाजूला करत त्या पुढे सरकल्या. गुलाब संपला, आळं संपलं, आणि त्यांचा हात शांतारामच्या चपलेपाशी येऊन थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"जरा पाय बाजूला घ्या."