पडद्यावरच्या कुमुदताई

कुमुदताई गेल्याचं कळलं, त्याच दिवशी वाचा-उपचार कॉलेजनं त्यांचे पती यशवंतराव ठोसर यांची संमती घेतली. पक्षाघातानं वाचा गेलेल्या कुमुदताईंची संगणकावर घडवलेली हुबेहूब प्रतिकृती तेव्हापासून एम.एस्सी.च्या मुलांना सरावासाठी पडद्यावर भेटते. एकाचा सराव संपला की तिला पुन्हा पहिल्या दिवसासारखी मुकी करतात, म्हणजे सगळ्यांना सुरुवात सारखी मिळते.

घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून यशवंतराव रोज मागच्या बाकावर येऊन बसत.

"आजी, नवऱ्याचं नाव सांगा ना," अन्विता नावाची विद्यार्थिनी पुन्हा म्हणाली. पडद्यावरच्या कुमुदताईंनी मान खाली घातली.

"जन्मात घेतलं नाही तिनं माझं नाव," यशवंतराव मागून म्हणाले.

"मग हाक कशी मारायच्या, आजोबा?"

"अहो म्हणून. शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं."

अन्विता हसली. "आजी, आजोबा अंगणात बसलेत. चहा गार होतोय त्यांचा. बोलवा बघू."

कुमुदताईंचे ओठ थरथरले. "अ... अहो!"

तीच हाक, तोच हेल. यशवंतराव उठून उभे राहिले. तेवढ्यात वेळ संपली आणि पुढच्या विद्यार्थ्यासाठी कुमुदताईंना पुन्हा मुकं केलं गेलं.

यशवंतरावांची ओ द्यायची राहून गेली.