शून्यावरचा काटा

"काटा मध्येच मरतो," जावई म्हणाला. "आठवडाभर धड चालतो, मग एकदम शून्यावर. गाडी सुसाट आणि मीटर म्हणतंय उभी आहे."

सासू गाडीखाली उताणी पडली होती, नुसते पाय बाहेर. गॅरेज तिचं, पाने तिचे, आणि जावयाची ही खटारा गाडी तिच्याहून वयाने थोडीच लहान.

"हिची तर मजाच असते," जावई बायकोकडे मान उडवत कोपऱ्यातल्या वेल्डरकडे बघून हसला. "बोंबलते, थांबवा, थांबवा. मी म्हणतो, मीटर बघ की बाई. आपण थांबलेलोच आहोत."

वेल्डर हसला. लेक हसली नाही. ती दारात बॅग घेऊन उभी होती. मीटर दुरुस्त झालं की जावई तिला घेऊन जाणार होता. कपाळावर तिने केस ओढून घेतले होते आणि केसांखाली चार टाके होते. न्हाणीघरात पाय घसरला, एवढं तिने आल्या दिवशी सांगितलं. पुढे आठ दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही.

सासूने मीटरच्या केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून दोन बोटांनी फिरवलं. वर काटा थरथरला, असं जावयाने आत वाकून सांगितलं. दात शाबूत, तार शाबूत, ग्रीसही ओलं. म्हणजे खाली सगळं ठणठणीत होतं, आणि रोग वर होता. टोक परत बसवून ती बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "नेमका कधी मरतो?"

"काही नेम नाही. आता आठ दिवस बघा कसा चालतोय, एकदाही नाही मेला."

"नेम असतो, जावईबापू. तुमच्या लक्षात नाही एवढंच." ती लेकीकडे वळली. "तू सांग."

लेकीने जमिनीकडे बघत सांगितलं. "मागच्या मंगळवारी. त्याआधी बँकेतून येताना, वीस तारखेला. त्याआधी तुझा फोन आला होता त्या संध्याकाळी."

पाढे म्हणावेत तसं सांगितलं.

"घ्या," जावई म्हणाला. "भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, आणि हे बरं पाठ आहे."

त्या जुन्या गाडीत मीटर मधोमध होतं, दोन्ही सीटांच्या मध्ये. सासूने त्याचे स्क्रू काढले आणि मागे हात घातला. केबल धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. केबलचं टोक जेमतेम अर्धवट आत टेकलं होतं. खड्ड्यातले हिसके बसले की ते आपोआप आत सरकत असणार, आणि काटा जिवंत होत असणार. पण ती क्लिप झिजून तुटत नाही. समोरून दणका बसावा लागतो, आणि तोही चांगला.

तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला. मीटरच्या शेजारी, लेकीच्या सीटच्या अंगाला, वाटीएवढा खळगा लागला. काचेच्या कडेच्या फटीत दोन केस अडकले होते. हातभर लांब. जावयाचं डोकं तळहातासारखं गुळगुळीत.

तिने केस ओढून काढले आणि करंगळीला गुंडाळले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडात शिवी आली आणि ती तिने गिळली. मग टोक होतं तसं अर्धवट आत ढकललं आणि स्क्रू आवळले.

"झालं?" जावयाने विचारलं. "निघू आम्ही?"

"दोष सापडलाय. पण माझ्या डोळ्यांसमोर घडल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. या गॅरेजची रीत आहे. जसा घडतो तसाच घडवून बघायचा." ती स्टिअरिंगवर जाऊन बसली. "बसा."

"अहो, मी चालवतो ना."

"तुम्ही इकडे. ती बसते तिथे."

तो बसला. पट्टा ओढला, सोडला, परत ओढला. "या बाजूचा पट्टा लागत नाही, आई."

"बघितलंय मी ते."

गॅरेजच्या मागे गोदामं होती आणि त्यांना वळसा घालून परत गॅरेजच्या दारात येणारा रिकामा रस्ता. सासूने गाडी चौथ्यात टाकली. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला, साठवर थरथरला.

"चालतंय की," जावई म्हणाला.

"मंगळवारी काय बोलली होती हो ती?"

"कोण?"

तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. जावई सीटवरून उडाला आणि तोंडावर मीटरला जाऊन आपटला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. काच तडकली. तो मागे कोसळला तेव्हा नाक एका बाजूला गेलं होतं आणि हनुवटीवरून रक्त शर्टात उतरत होतं. ओंजळीत एक दात होता. तो त्या दाताकडेच बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

सासूने गिअर बदलले आणि परत वेग घेतला. गोदामांची दारं सपासप मागे पडू लागली. काटा शून्यावर मरून पडला होता.

"सापडला बघा," ती म्हणाली. "अगदी अस्साच मरतो."

"आई, थांबवा."

वळसा पुरा झाला. गॅरेजचं दार आलं. लेक पाठमोरी होती, बॅग घेऊन आत चालली होती. सासूने गाडी तशीच पुढे काढली, दुसऱ्या फेरीला.

"आई, थांबवा. पाया पडतो. थांबवा."

"थांबलेलोच आहोत आपण, जावईबापू," ती म्हणाली आणि तिने पाय आणखी दाबला. "मीटर बघा की."