हँडलवरचा आरसा

फाटकावर पाटी होती : मोटार वाहनांना प्रवेश नाही. तिथून आत जंगलातली खडीची वाट सुरू होत होती. त्या वाटेवर बाबा तासभर तिच्या पुढे सायकल चालवत होते आणि तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

चूक तिचीच होती. फाटकाशी बाबा चाकात हवा भरायला वाकले, तेव्हा तिनं त्यांच्या पाठीमागे उभं राहून एका दमात सांगून टाकलं होतं, की आता शाळेची बस चालवणं पुरे करा. समोर उभं राहून म्हणायचा धीर नव्हता. बाबांनी मान वर केली नाही. हवा भरली, पंप पिशवीत टाकला आणि निघाले. तेवीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला असं पाठीमागून सांगतात का? पण सोमवारपासून तिची लेक, चिमणी, त्याच बसनं शाळेत जाणार होती. आणि गेल्याच आठवड्यात बाबांनी एका मुलाचा थांबा मागे टाकला होता. सगळी बस ओरडत होती म्हणे. बाबांनी ते हसण्यावारी नेलं. पोरं रोजच ओरडतात, म्हणाले. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

वाट मोकळी होती. हॉर्न नाही, सिग्नल नाही, नुसती चाकाखाली करकरणारी खडी. बाबा मात्र बसमध्ये बसल्यासारखेच. प्रत्येक वळणावर हात दाखवायचे. हँडलला आरसा लावला होता, त्यात घडीघडी बघायचे. जंगलात तुम्हाला ओव्हरटेक कोण करणार, खार का, असं आईनं निघताना चिडवलंही होतं.

ती वेग वाढवायची, बोलायला तोंड उघडायची आणि पुन्हा मागे पडायची. तीनदा असं झालं.

एका वळणावर खाली आलेली फांदी आरशाला लागली. बाबांनी चालवता चालवता तो सरळ केला, पण स्क्रू ढिला झाला होता. आरसा पुन्हा लवंडला आणि आभाळाकडे बघू लागला. बाबांची चुळबुळ सुरू झाली. ते मान वळवून मागे बघू लागले. मग उतार लागला, तेव्हा तेही जमेना.

त्याच उतारावर तिची चेन निसटली.

तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. घंटा वाजवली. वरच्या झाडावरचे दोन पक्षी उडाले, बाबा वळले नाहीत. त्यांच्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण लेकीला रानात एकटीला टाकून जाण्याइतका? तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. काळ्या बोटांनी चेन बसवून ती पुन्हा निघाली.

मागून एक दाढीवाला सायकलस्वार भरधाव आला. त्यानं लांबूनच घंटा वाजवली, ती बाजूला झाली. बाबांसाठीही त्यानं तीनदा वाजवली. बाबा वाटेच्या मधोमध. तो अगदी घासून पुढे गेला आणि बाबा असे दचकले, की सायकलसकट झुडपात गेले. दाढीवाला थांबला, घंटा वाजवली होती हो, असं मागून येणाऱ्या तिलाच ओशाळून ओरडून सांगितलं आणि निघून गेला.

ती पोचली तेव्हा बाबा तिच्याकडे पाठ करून पाचोळ्यात बसले होते. गुडघा खरचटला होता. ते बघायचं सोडून नखानं आरशाचा स्क्रू पिळत होते. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती तिथंच, त्यांच्या मागे उभी राहिली.

"बाबा, लागलं का?"

बाबा स्क्रू पिळत राहिले.

मग तिनं मुद्दामच खोटं सांगितलं. "बाबा, घरून फोन आलाय. चिमणी पडली."

एरवी चिमणी शिंकली तरी ते ताडकन उठायचे. आता त्यांची पाठ हलली नाही.

तेवढ्यात आरसा सरळ झाला. त्यात तिचा चेहरा दिसला आणि बाबा हसले. "आलीस होय? मला वाटलं, मागेच आहेस."

ती पुढे येऊन त्यांच्यासमोर बसली. केव्हापासून, एवढंच विचारलं. बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. दोन वर्षं झाली, म्हणाले. आईलाही सांगितलं नव्हतं. दर वर्षीच्या तपासणीत कसे पास होता, हे तिनं विचारायच्या आधी तेच बोलले.

"डॉक्टर समोर बसून विचारतात, कान कसे आहेत. मी म्हणतो, ठीक. सगळी माणसं समोरूनच बोलतात गं." त्यांनी आरशाची काच बाहीनं पुसली. "पोरंच तेवढी मागून बोलतात."

फाटकाशी बोललेलं तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी समोरून, सावकाश. बाबांनी तिच्या ओठांवरची नजर शेवटपर्यंत हलवली नाही.

"सोमवारी मी चिमणीला चालत सोडतो," ते म्हणाले. "हात धरून."

मग उठले, नुकताच घट्ट केलेला स्क्रू पुन्हा सोडवला आणि आरसा तिच्या हँडलला बसवला. तिला सीटवर बसायला लावून तो तिच्या नजरेला येईपर्यंत फिरवत राहिले.

"तू पुढे हो. मला बघत राहा."

परतीच्या वाटेवर ती घडीघडी आरशात बघत होती. बाबांच्या पाठीला पाचोळा चिकटलेला असणार, तो दिसत नव्हता. बाबा दिसत होते, लहान, खडीवर डगमगणारे. वळण आलं तसा त्यांनी हात दाखवला.

त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.